खापरांची साक्ष : इनामगावची दफने आणि आपले मसणवटे

‘आम्ही या भूमीचे मूळचे धनी’ हे वाक्य आपल्या सभा-संमेलनांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याला पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. कोणी मागितलाच तर आपण ग्रंथांकडे धावतो. मनूने काय लिहिले, पुराणकारांनी काय लपवले, कुठल्या राक्षसाचे नाव कुठल्या जमातीशी जुळते, असा आपला शोध चालतो. ज्यांनी आपल्या आजा-पणजाला अक्षराच्या वाऱ्याला उभे राहू दिले नाही, त्यांच्याच अक्षरांत आपण आपला पत्ता हुडकत बसतो. लिहिण्यावाचून राहिलेला, कुदळ लागल्याखेरीज न बोलणारा दुसरा एक पुरावा आहे. तो म्हणजे मेलेल्या माणसाला पुरताना त्याच्याबरोबर ठेवलेली मडकी. या पुराव्याची ओळख आपल्या कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना व शिक्षकांना व्हावी आणि त्याच्याकडून काय मागावे व काय मागू नये याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हा लेख.

मी शिकवतो त्या वर्गात कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतली मुले असतात. ठाकरांची, कातकऱ्यांची, बौद्धवाड्यांतली, आगरी-कुणब्यांची. इतिहासाच्या पुस्तकात इनामगावचा उल्लेख आला की ती परीक्षेपुरता पाठ करतात. इनामगाव काही लांब नाही. कर्जतहून बोरघाट चढून पुण्याला जायचे आणि तिथून पूर्वेला शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी उतरायचे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाने तेथे १९६८ ते १९८३ या काळात वर्षानुवर्षे उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यामागची प्रमुख नावे. सविस्तर अहवाल १९८८ साली निघाला. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीला ‘पांढर’ म्हणतात. इनामगावच्या अशाच पांढरीच्या टेकाडांखाली सुमारे इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतले शेतकऱ्यांचे एक गाव थरावर थर रचून पडलेले होते. शंभराहून अधिक घरे मिळाली आणि दोनशेहून अधिक दफने मिळाली. एवढ्या जुन्या काळातल्या सामान्य माणसांची इतकी दफने एका गावात मिळणे हा महाराष्ट्रापुरता तरी दुर्मीळ योग होता.

सांगाडा मिळाला म्हणजे दफन मिळाले असे नाही. हा फरक पुरातत्त्वात फार महत्त्वाचा आहे आणि खालापूरच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकरांची ही वाडी झोपेतच मातीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसांचा ठाव लागला नाही, आणि चार दिवसांनी शोध थांबला. ती माणसे गाडली गेली, त्यांना कोणी पुरले नाही. त्यांच्यासाठी खड्डा खणला नाही, डोके कुठल्या दिशेला करायचे हे ठरवले नाही, उशाशी पाण्याचे भांडे ठेवले नाही. दफन म्हणजे ही सारी कृत्ये. उत्खनन करणारा माणूस ती कृत्येच शोधत असतो. खड्ड्याची कापलेली कड दिसते का, हाडे शरीराच्या नेमाप्रमाणे जागेवर आहेत का, शेजारच्या खड्ड्यातही डोके त्याच दिशेला आहे का, भांडी पडलेली आहेत की मांडलेली आहेत? मांडलेली असतील तर तिथे मागे राहिलेल्या माणसांचा हात लागलेला असतो. म्हणून दफनात मेलेल्यापेक्षा जिवंत माणसांविषयीच अधिक कळते.

इनामगावात सापडलेली बहुसंख्य दफने लहान मुलांची आहेत. त्यावरून त्या काळात किती मुले हाती लागत नसत याची कल्पना येते. मूल गेले की घराच्या भुईतच खड्डा घेत. करड्या रंगाचे, जाडसर अंगाचे दोन मोठे कुंभ आणून मुलाला त्यांत ठेवत आणि कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून ते उत्तर-दक्षिण आडवे पुरत. शेजारी एक तोटीचे भांडे आणि एक वाडगा ठेवत. त्यांत पाणी आणि खाणे असावे. घर चालूच राही. त्याच भुईवर चूल पेटे, दळण होई, पुढची मुले रांगत. तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांना काही अभ्यासक गर्भाशयाची प्रतिमा मानतात. असेलही. मला मात्र त्यातली घरगुती गोष्ट मोठी वाटते. हे कुंभ धान्य-पाणी साठवण्याच्या भांड्यांच्या जातीचेच आहेत. आई ज्यात दाणे ठेवी तशाच भांड्यात तिने मूल ठेवले आणि घराबाहेर नेऊ दिले नाही. नेवाशाच्या उत्खननात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला दोरासुद्धा शिल्लक राहिला होता. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी वळलेला दोरा! राजांच्या वंशावळी पाठ करणाऱ्या आपल्या अभ्यासक्रमात या दोऱ्याला एक ओळसुद्धा असू नये याचे मला वाईट वाटते.

आता भांड्यांविषयी थोडे खोलात जायला हवे, कारण सगळी कालगणना त्यांच्यावर उभी आहे. माती भाजली की तिचे खापर होते आणि खापर कुजत नाही, गंजत नाही, कोणी वितळवून पुन्हा वापरतही नाही. फुटके गाडगे कोणी चोरत नाही, ते पडल्या जागी राहते. शिवाय भांडी घडवण्याची रीत पिढ्यापिढ्यांनी थोडी थोडी बदलते. काठाचा वळसा बदलतो, रंग बदलतो, नक्षी बदलते. त्यामुळे खालच्या थरातले खापर आणि वरच्या थरातले खापर जाणत्याला लगेच ओळखू येते, आणि एकदा एका गावाचा क्रम लागला की दुसऱ्या गावच्या खापरावरून त्याचाही काळ सांगता येतो. जळक्या दाण्यांतील वा कोळशातील किरणोत्सर्गी कार्बन मोजून वर्षांचा आकडा काढण्याची पद्धत १९४९ नंतर आली. तिने या क्रमाला वर्षे दिली, पण क्रम मुळात खापरांनी लावलेला होता.

इनामगावच्या मुख्य काळातील भांड्यांना ‘जोर्वे’ भांडी म्हणतात. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ मध्ये उत्खनन होऊन ही भांडी प्रथम नीट ओळखली गेली, म्हणून गावाचे नाव संस्कृतीला मिळाले. जोर्वे भांडे चाकावर घडवलेले, पातळ अंगाचे, तांबडे आणि त्यावर काळ्या रेघांची नक्षी असलेले. चांगले भाजलेले असल्याने बोटाने वाजवले तर धातूसारखे खणखणते. मध्येच कोन काढलेला वाडगा, उंच गळ्याचा घट आणि तोटीचे भांडे हे त्यातले ठरलेले आकार. मातीत लोह असते. आव्यात वारा खेळता राहिला की ते तांबडे होते, वारा कोंडला की मडके काळे पडते. एवढ्या साध्या गोष्टीवर कुंभाराचे सारे कसब उभे असते. तोंड खाली करून रचलेल्या भांड्याच्या आत वारा जात नाही, म्हणून ते आतून काळे आणि बाहेरून तांबडे निघते. विदर्भातल्या दफनांत अशी काळी-तांबडी भांडी विपुल आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ. मुलांचे कुंभ मात्र करडे, जाड आणि हाताने घडवलेले. ताटातल्या भांड्याला चाक आणि नक्षी, मरणाच्या कुंभाला नुसता हात, असा भेद त्या लोकांनी ठेवलेला दिसतो.

मोठ्या माणसांना बहुधा जमिनीत सरळ उताणे निजवत, डोके उत्तरेला. हेही दफन घरात किंवा अंगणात. आणि पुरण्याआधी घोट्याखालचे पाय तोडत. मेलेला उठून चालत जाऊ नये, घराला सोडून जाऊ नये किंवा पीडा द्यायला हिंडू नये, या समजुतीने ते केले असावे असे उत्खनकांनी म्हटले आहे. आपल्याकडे हडळीचे पाय उलटे असतात असे सांगतात. भुताची भीती पायांतच का बसते, हा लोकसमजुतींच्या अभ्यासकाने हाती घ्यावा असा विषय आहे. मात्र हडळ आणि इनामगाव यांच्यात तीन हजार वर्षांचे अंतर आहे, आणि दोन टोके सारखी दिसली म्हणून मधला दोरा आहेच असे मानता येत नाही.

एक दफन या साऱ्या नेमाला अपवाद आहे. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. या घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा, कच्च्या मातीचा एक प्रचंड कुंभ मिळाला. त्यात सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष मांडी घालून बसवलेला होता. त्याचे पाय तोडलेले नव्हते. बरोबर ठेवलेल्या भांड्यावर लांब वल्ह्यांच्या नावेचे चित्र होते. कच्च्या मातीचा कुंभ पाण्याला चालत नाही, धान्यालाही चालत नाही. तो या एका माणसाच्या मरणासाठीच घडवलेला होता. हा गावाचा मुखिया असावा आणि कोठारातले धान्य त्याच्या हुकमतीखाली असावे, असा निष्कर्ष काढला गेला आणि तो पटण्यासारखा आहे. सगळ्यांचे पाय तोडायचे आणि एकाचे राखायचे, हा नेम ज्या गावात होता ते गाव समतेचे होते असे म्हणणे कठीण आहे. ‘आर्य येण्यापूर्वी इथे सारे बंधुभावाने नांदत होते’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या आपल्या मित्रांनी हा कुंभ एकदा लक्षात घ्यावा.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. कुंभार, सोनार, चुना भाजणारे, मणी घडवणारे अशा कसबी लोकांची घरे गावाच्या पश्चिम कडेला होती, आणि सधन शेतकऱ्यांची घरे मध्यभागी. हे वाचताच आपल्यापैकी कोणाच्याही मनात ‘गावकूस’ हा शब्द उभा राहतो. माझ्याही राहिला. पण इथेच थांबून पाहायला हवे. आव्याचा धूर आणि जाळाची भीती गावाच्या कडेला ठेवणे हा सोयीचाही भाग असू शकतो. आणि सोनार हा पुढच्या काळात कधी गावकुसाबाहेरचा नव्हता. नुसते कडेला राहणे म्हणजे अस्पृश्यता नव्हे. अस्पृश्यता म्हणजे स्पर्शाचा नेम, आणि तो नेम मातीत उमटतो कसा हे आधी ठरवले पाहिजे.

ते ठरवायला आपल्याला पुस्तक नको, आपली गावे पुरेत. उद्याच्या एखाद्या संशोधकाने आमच्या भागातले जुने खेडे खणले तर त्याला जात कशात दिसेल? मसणवट्यात दिसेल. मराठ्यांचे मसण वेगळे, महारांचे वेगळे, चांभारांचे त्याहून वेगळे, आणि कातकऱ्याला तर ओढ्याकाठी मिळेल तो कोपरा. दुसऱ्यांदा ती भांड्यांत दिसेल. हॉटेलात वळचणीला ठेवलेली फुटक्या कानाची कपबशी, पाणवठ्यावरून परतवलेली घागर. धातूचे भांडे विटाळले तर घासून, जाळून घेता येते. मातीचे मडके विटाळ पिते, ते फेकावेच लागते, हा आपल्याकडचा कायदा. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकी झेलण्यासाठी गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात नमूद केले आहे. आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्यायल्यावर सनातन्यांनी ते ‘शुद्ध’ करण्यासाठी पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतल्या. मडके हे या देशात जातीचे हत्यार झालेले आहे.

ही कसोटी इनामगावला लावून पाहा. तिथे वेगळा मसणवटा नाही. प्रत्येकाचा मेलेला प्रत्येकाच्या घराखाली आहे. मुलांसाठी दोन कुंभांची रीत घरोघर तीच आहे. मृताजवळचे तोटीचे भांडे आणि वाडगा यांचे आकार तेच आहेत. मुखियाचे दफन मोठे आहे, पण ते मोठेपण अधिकाराचे आहे. कोणाला स्पर्शातून वगळल्याची खूण या दोनशेहून अधिक दफनांत दिसत नाही. म्हणजे विषमता आहे आणि अस्पृश्यता नाही, असा हा पुरावा आहे. तो आपल्या व्यासपीठावरील वाक्याइतका गोड नाही, पण मला तो अधिक मोलाचा वाटतो. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या सुमाराचा ठरवला. तिच्या उगमाविषयीची त्यांची उपपत्ती पराभूत होऊन फुटलेल्या, गावाच्या शिवेवर राहायला आलेल्या टोळ्यांची आहे. ‘वाताहत झालेली माणसे’ असे त्यांनी त्यांना म्हटले. इनामगावने ही उपपत्ती सिद्ध होत नाही, कारण काळाचे अंतर हजार वर्षांहून अधिक आहे. पण अस्पृश्यता सनातन नाही, तिला आरंभ आहे, ती माणसांनी कधीतरी रचली, हा त्यांच्या मांडणीचा कणा मात्र या मातीला धरून आहे.

त्याच ग्रंथात आणखी एक धडा आहे. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे लोक, हा सिद्धांत बाबासाहेबांनी नाकांची मापे तपासून खोडून काढला. मोजमापे होती गोऱ्या साहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी घेतलेली, आणि त्याच मापांनी त्यांनी दाखवले की एका प्रांतातला ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या नाकांत वंशभेद निघत नाही. आज नाकाच्या जागी जनुक आला आहे. हरियाणातील राखीगढीच्या दफनभूमीतील एका स्त्रीच्या हाडातून मिळालेल्या जनुकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दुसऱ्याच दिवसापासून दोन्हीकडचे लोक ती बाई आपलीच असे सांगू लागले. तिच्यात मध्य आशियातील गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश मिळाला नाही, ही माहिती महत्त्वाची आहे. लोकांच्या स्थलांतरांविषयी तिच्यातून बरेच कळते. पण तिची जात काढू पाहणे हे हाडाला न येणारी भाषा बोलायला लावणे आहे. हे आपणही करू नये. समोरचा करतो म्हणून तर मुळीच करू नये.

हाड भुकेची भाषा मात्र चांगली बोलते. इसवीसनपूर्व १००० च्या सुमारास इनामगावचे दिवस फिरले. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, शेती आक्रसली आणि लोक जनावरे, शिकार यांच्यावर अधिक जगू लागले. पाऊस कमी होत गेला म्हणून असे झाले, असे ढवळीकरांचे मत. जॉन लुकाक्स आणि सु. रा. वाळिंबे यांनी सांगाड्यांचा अभ्यास केला. धान्यावर पोसलेल्या माणसाचे दात किडतात, आणि उत्तर काळात ही कीड कमी झालेली आढळते. म्हणजे खाण्यातले धान्य उणे झाले. ग्वेन रॉबिन्स शुग या अभ्यासिकेने नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांची हाडे तपासून २०११ मध्ये पुस्तक लिहिले. उत्तर काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती असे तिला दिसले, आणि सारा दोष पावसावर टाकण्याला तिने हरकत घेतली. कुपोषणाने खुरटलेले मूल आमच्या कातकरीवाड्यांतही पाहायला मिळते. त्याचे वय दाखल्यात एक असते आणि उंची दुसरेच वय सांगते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मुलाच्या मांडीच्या हाडाने तेच सांगावे, याने मी तरी अस्वस्थ झालो.

विदर्भाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती वेगळ्या लेखाचा विषय आहे. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथे मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकात लोखंड वापरणाऱ्या लोकांनी आपले मेलेले त्यांत पुरले. काळी-तांबडी भांडी, लोखंडी हत्यारे आणि माहूरझरीला तर तांब्याचा साज घातलेला घोडा मालकासोबत. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. एवढे धोंडे ओढून आणायला शंभर हात लागतात. ते हात कोणाचे, हे वर्तुळ सांगत नाही.

आणि हात म्हटले की दायमाबाद आठवते. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल या आदिवासी माणसाला झाडाचे मूळ खणताना तांबे-काशाचे चार घडीव नग सापडले : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून वजन साठ किलोहून अधिक. जगभरच्या पुस्तकांत त्यांची चित्रे आहेत. सापडवणाऱ्याचे नाव नोंदले गेले हे भाग्यच म्हणायचे. उत्खननांच्या खड्ड्यांत कुदळ धरणारे आणि पाट्या उचलणारे हात बहुधा आपल्याच वाड्यांतले असतात, आणि छायाचित्रात ते खांबासारखे, नावावाचून उभे असतात.

घाटाखाली, आमच्याकडे काय आहे असे विद्यार्थी विचारतात. जोर्वे संस्कृती महाराष्ट्रभर पसरली, पण कोकणपट्टी आणि विदर्भाचा पूर्वभाग तिच्या बाहेर राहिला. शिवाय कर्जत-खालापूरच्या धुवांधार पावसात आणि आम्लयुक्त तांबड्या मातीत हाड टिकत नाही, काही पिढ्यांत त्याची माती होते. टिकते ते खापरच. म्हणून आमच्याकडे शेतात, विहिरीच्या खणतीत, घराच्या पायात खापर निघाले तर त्याचे मोल घाटावरच्यापेक्षा अधिक आहे.

लेणे मात्र आमच्या दारात आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे येथे इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा बौद्ध चैत्य आहे. दर्शनी भागातील एका मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरली आहे. तिचा अर्थ, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. घडवणाऱ्याने आपले नाव दगडात ठेवले आहे. या चैत्यात जो स्तूप असतो तो मुळात मृताच्या अवशेषांवर रचलेला मातीचा उंचवटाच आहे, म्हणजे दफनाचीच एक रीत. आणि कोकणात अशा स्तूपाच्या पोटात मडके मिळाल्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. नालासोपाऱ्याला लोक ज्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत तो टेकाड पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये खणला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक. सोन्याच्या करंडकात होती मातीच्या भांड्याची तेरा खापरे. भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ती जपली होती. ज्या देशात पुढे मडके गळ्यात अडकवून माणसाला रस्त्यावर फिरवले, त्याच देशात भिक्षेच्या मडक्याचे तुकडे सोन्यात ठेवले गेले होते. आणि लोकांच्या तोंडी तो कोट राहिला टोपल्या विणणाऱ्या बुरडाच्या नावावर! हे नाव कसे पडले याचा शोध आपल्यापैकी एखाद्या विद्यार्थ्याने घ्यायला हवा.

आता जे तातडीचे आहे ते. कर्जत-खालापूरमध्ये जमिनी झपाट्याने विकल्या जात आहेत. फार्महाऊस, रिसॉर्ट, गोदामे, वसाहती. जेसीबी एका दिवसात जे उलथतो ते उत्खनकाला दहा हंगाम लागले असते. त्यात जुनी पांढर जाते आणि आपले मसणवटेही जातात. अनेक कातकरीवाड्यांच्या घराखालची जमीनच दुसऱ्याच्या नावावर आहे, तिथे मसणवट्याचा सातबारा कुठून असणार? पिढ्यानपिढ्या माणसे पुरली, पण कागदावर ती जागा ‘पडीक’. कुंपण पडले की मेलेल्यालाही वाट राहत नाही. पाड्यावर हे सांगताना म्हातारी माणसे जागा बोटाने दाखवतात, ‘इथं माजी आई, तिथं धाकटा’. ती बोटे आहेत तोवरच हा पुरावा आहे.

म्हणून आमच्या मुलांना मी सुट्टीत एक काम देतो, इतर गावच्या शिक्षकांनाही ते करता येईल. आपल्या वाडीचा मसणवटा कुठे आहे, तो कोणत्या गट नंबरात येतो, कागदावर काय लिहिले आहे, किती पिढ्या तिथे आहेत, डोके कुठल्या दिशेला करतात, उशाशी काय ठेवतात, मडके कोण आणतो व कुठे फोडतात, मौतीचा सांगावा कोण नेई आणि मढ्यावरचे कापड कोणाच्या वाट्याला येई, हे म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहावे. जागेचा नकाशा पावलांनी मोजून काढावा. मसणवट्यात काही खणू नये. शेतात, पायात खापर निघाले तर ते घासून धुऊ नये. कुठल्या शेतात, किती हात खोल, कुठल्या रंगाच्या मातीत मिळाले ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खापरासोबत कागदाच्या पिशवीत ठेवावी. नुसते खापर मुके असते, त्याचा थर गेला की त्याची जबानी गेली. नाणी किंवा धातूच्या वस्तू निघाल्या तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, ते लपवू नये आणि सोनाराकडे तर नेऊच नये. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत अर्जासोबत द्यावी, आणि मसणवट्याची नोंद गावच्या कागदात करून घेण्याची मागणी त्याच अर्जात करावी. पोच घ्यायला विसरू नये.